बाळंतपणाचा खर्च कोणी करायचा? मुक्ता साळवे यांचा प्रश्न आणि बाबासाहेबांचे उत्तर

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की एक पोस्टर सगळीकडे फिरू लागते. त्यावर लिहिलेले असते, 'भारतातील प्रत्येक नोकरदार स्त्रीला प्रसूती रजा बाबासाहेबांमुळे मिळाली.' आपले तरुण ते अभिमानाने पुढे पाठवतात. मनुवादी मंडळी त्याखाली येऊन विचारतात, कायदा तर १९६१ चा आहे, तेव्हा बाबासाहेब होते कुठे? मग वाद पेटतो, शिवीगाळ होते आणि दोन दिवसांनी सगळे विसरतात.

आमचे म्हणणे असे की या वादात दोन्ही बाजू मुख्य मुद्दा हुकवतात. बाबासाहेबांनी रजा 'दिली' की नाही, यापेक्षा ती मागताना त्यांनी कोणता सिद्धांत मांडला, हे महत्त्वाचे आहे. तो सिद्धांत देशाने अर्धाच स्वीकारला. उरलेला अर्धा न स्वीकारल्यामुळे आजही आपल्या वस्तीतली घरकाम करणारी, नाक्यावर उभी राहणारी, ऊस तोडणारी बाई आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत कामावर असते. म्हणून हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा.

१८५५ : छप्पर आणि औषध

सुरुवात बाबासाहेबांच्या जन्माआधी करावी लागते. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हा निबंध आपण धर्मचिकित्सेसाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात बाळंतपणाचाही प्रश्न आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचे काय हाल होत असतील, आजार झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा, असे ती विचारते.

त्या काळच्या गावगाड्यात सुईणीचे काम अनेक ठिकाणी मातंग स्त्रियांकडे होते. बाळंतपणाला सोयर आणि विटाळ मानणाऱ्या समाजाने नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे ही कामे ज्यांना अस्पृश्य ठरवले त्यांच्याच हातात दिली होती. गावातल्या पाटलाचा वारस जिच्या हातात जन्मला, तीच बाई बाराव्या दिवसानंतर पुन्हा उंबऱ्याबाहेर. इतरांची बाळंतपणे निभावणाऱ्या त्या स्त्रीच्या स्वतःच्या बाळंतपणाला मात्र छप्पर नव्हते. बाळंतपण हा निसर्गाचा खेळ आहे, दैवाचा भाग आहे, असे म्हणणाऱ्यांना मुक्ता साळवे यांचा निबंध हे उत्तर आहे. निसर्ग सर्व बायकांना सारखाच होता. छप्पर, पैसा आणि वैद्य मात्र जातीनुसार वाटलेले होते.

पुढे १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ज्या विधवांना समाजाने लपून मरायला किंवा मूल मारायला भाग पाडले होते, त्यांना तिथे सुरक्षित बाळंत होता येत असे. आश्रयाला येणाऱ्यांमध्ये ब्राह्मण विधवा होत्या. त्यांच्यापैकीच काशीबाई या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी राबला. बाळंतिणीला तिची जात, तिचे चारित्र्य न विचारता आधी जागा आणि काळजी द्यायची, ही आपल्या परंपरेची पहिली शिकवण आहे. 'ही कितव्यांदा आली?', 'मूल कोणाचे?' असले प्रश्न प्रसूतिगृहाच्या दारात विचारणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

१९२८ : पगारी विश्रांती आणि तिचा भार

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ. गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करत. बाळंतपणासाठी काम सोडले की मजुरी बंद, आणि मजुरी बंद म्हणजे चूल बंद. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत काम करायचे आणि बाळंत होऊन अंग सावरण्याआधी परत यायचे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ मध्येच बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा करार केला होता. या काळातला भत्ता सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, पण ते नामंजूर झाले.

त्यानंतर मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात सदस्य आसवले यांनी प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. म्हणजे विधेयक बाबासाहेबांचे नव्हते. हे मान्य करायला आपल्याला अजिबात संकोच वाटायला नको. २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केले, आणि ते भाषणच या लेखाचा गाभा आहे.

त्या वेळची पार्श्वभूमी ध्यानात घ्या. १९२८ हे मुंबईच्या मोठ्या गिरणी संपाचे वर्ष. त्याच संपाच्या काळात, अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश का नाही, हा प्रश्न बाबासाहेब विचारत होते. घरचे दुःख तर जवळचे होते. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली, आणि राजरत्न जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

भाषणात त्यांनी तीन गोष्टी क्रमाने मांडल्या. पहिली, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणजे ही एखाद्या बाईवर केलेली मेहरबानी नाही. दुसरी, असे आहे तर या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण राखणे हे मुळात सरकारचे काम आहे. तिसरी, तरीही मालक पूर्ण सुटत नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो तो दयेपोटी नव्हे, तर पुरुषांपेक्षा त्यांच्याकडून त्याला जास्त फायदा होतो म्हणून. ज्याला विशेष फायदा, त्याने काही प्रमाणात खर्चही सोसावा.

सरकार मुख्य, मालक काही अंशी. या एका वाक्यात १९२८ सालचा सिद्धांत मावतो. यात आईला स्वतःचा पैसा घालायचा नाही आणि तिने कोणापुढे हातही पसरायचा नाही.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि पुढे इतर प्रांतांनीही तसे कायदे केले. पण त्यात भत्ता देण्याची जबाबदारी मालकावर टाकली गेली. सरकार बाजूला राहिले. परिणाम काय झाला? पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. यंत्रे बदलली, रात्रपाळीवर बंदी होती, अशी त्याची अनेक कारणे होती. पण स्त्रीला ठेवले की बाळंतपणाचा खर्च येतो, ही सबब मालकांच्या हातात आयती मिळाली. सरकारने आपला वाटा उचलला असता तर ती सबब इतकी सोपी राहिली नसती.

१९३८ : मूल केव्हा, हे ठरवण्याचा हक्क

सुरक्षित बाळंतपणाची तयारी दिवस गेल्यावर सुरू होत नाही. मूल केव्हा हवे, किती हवीत, दोन बाळंतपणांत किती अंतर हवे, हे ठरवण्यापासून ती सुरू होते. र. धों. कर्वे हे बोलत होते तेव्हा त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले भरले गेले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या साधनांच्या प्रसारासाठी ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर खचते, नको असताना लादलेले गरोदरपण तिच्या जिवावर बेतते, हा त्यातला युक्तिवाद होता. ठराव फेटाळला गेला. स्वतः बाबासाहेब हे भीमाई आणि रामजींचे चौदावे अपत्य होते आणि ते लहान असतानाच भीमाई गेल्या. घरोघरच्या अशा आयांचा विचार त्या ठरावामागे होता.

आजही आपल्या वस्तीत संततिनियमन म्हणजे फक्त बाईची नसबंदी, असाच अर्थ घेतला जातो. पुरुष त्या चर्चेत नसतो. १९३८ चा ठराव आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी आधी वाचावा, असे आम्हाला वाटते.

१९४२ ते १९५० : खाणीपासून संविधानापर्यंत

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणकामगार स्त्रियांसाठीचा प्रसूती लाभ कायदा १९४१ मध्ये, म्हणजे त्यांच्या आधीच झाला होता. बाळंतपणापूर्वीच्या आठवड्यांच्या भत्त्याबाबत त्यात संदिग्धता होती, ती दूर करण्यासाठी त्यांनी १९४३ मध्ये दुरुस्ती आणली. १९४५ मध्ये भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक दुरुस्ती झाली.

इथे एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर विरोधक ती आपल्यावर फेकतात आणि आपला कार्यकर्ता गडबडतो. महायुद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा सरकारने १९४३ मध्ये स्त्रियांच्या भूगर्भातील कामावरची बंदी उठवली. त्यावर टीका झाली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना सभागृहात सरकारची बाजू मांडावी लागली. हा तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनी सांगितले, आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व त्यात लागू केले असल्याचे निदर्शनास आणले. १९४६ च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली. आम्ही भक्त नाही, अनुयायी आहोत. अनुयायाने संपूर्ण नोंद वाचायची असते. त्या सरकारात राहून बाबासाहेब कोणत्या मर्यादेत काम करत होते, हे समजले तर १९४५ च्या दुरुस्तीचे मोल कमी होत नाही, वाढतेच.

याच काळात १९२८ चा सिद्धांत दुसऱ्या रूपाने पुढे आला. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यासाठी कोळशावरच उपकर बसवला गेला. आरोग्य विम्याच्या योजनेवर प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्यात प्रसूती लाभ आहे आणि तो एकट्या मालकाच्या खिशातून न जाता सामायिक निधीतून जातो. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद राज्याने करावी, असे लिहिले गेले. तिथे 'मालक' हा शब्द नाही, 'राज्य' हा शब्द आहे. पोस्टरवर छापायचेच असेल तर हा अनुच्छेद छापा.

पुढे काय झाले

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. रजा वाढली याचा आनंदच आहे. पण पगाराचा भार पुन्हा मालकावरच आहे, आणि कायदा साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे आस्थापन कोणते? सोसायटीत झाडू मारणाऱ्या, दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या बाईचा मालक कोण?

तिच्यासाठी राज्याने काय ठेवले ते पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा तो पहिल्या अपत्यापुरता ५,००० रुपये झाला. नंतर दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये जोडले गेले. आता साधा हिशोब करा. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. कायम नोकरीतल्या स्त्रीला इतक्या दिवसांचा पूर्ण पगार मिळतो. असंघटित बाईच्या ५,००० रुपयांना १८२ ने भागले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयांच्या आसपास येतात. एवढ्यात विश्रांती विकत मिळत नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि उचल तर आधीच खर्च झालेली असते. अशा फडात गरोदर बाई विश्रांती कशी घेणार? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये उघड झाला आणि राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मासिक पाळी आणि आजारपणाचा खाडासुद्धा परवडत नाही अशा ठिकाणी बाळंतपणाच्या रजेची भाषा कोण ऐकणार?

प्रगती झालीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. २०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आहे, देशाचे ९७. पण जगणे आणि निरोगी असणे यात फरक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही. औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून, या मुक्ता साळवे यांच्या प्रश्नाला आता शेजारी आणखी एक प्रश्न आला आहे: दूध, अंडी, डाळ आणि दुपारची झोप यांना पैसा कुठून?

विहारात काय करायचे

आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना पाहतो की योजना आहे, पण बाईला माहीत नाही. माहीत आहे, पण कागद नाही. कागद आहे, पण रुग्णालयात तिच्याशी कोणी नीट बोलत नाही. मातामृत्यूचा अभ्यास करणारे तीन विलंब सांगतात: निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. हे तिन्ही उशीर कमी करण्यात वस्तीतला कार्यकर्ता उपयोगी पडू शकतो.

पहिल्यासाठी माहिती हवी. पहिल्या तीन महिन्यांत आशाताईंकडे नोंदणी, किमान चार तपासण्या, धनुर्वाताची लस, निदान १८० दिवस लोहाच्या गोळ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. विहाराच्या फळ्यावर ही तारीख कायमची लिहून ठेवा. अंगावरून रक्त जाणे, झटके, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांवर व तोंडावर सूज, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यांतले काहीही दिसले तर सासू, नवरा कोणाचीही वाट न बघता रुग्णालय गाठायचे. हे पुरुषांच्या बैठकीतही सांगा, कारण निर्णय बहुतेकदा तिथेच अडतो.

दुसऱ्यासाठी आधी ठरवून ठेवा: कोणते रुग्णालय, रात्री गाडी कोणाची, सोबत कोण, रक्त लागले तर देणारे दोघे कोण. १०८ क्रमांक घराघरात पाठ हवा. रक्तदान शिबिर आपण ६ डिसेंबरला घेतोच. त्याच यादीतून वस्तीतल्या गरोदर बायांसाठी रक्तदात्यांची नावे काढून ठेवणे अवघड नाही.

तिसऱ्यासाठी हक्क माहीत हवेत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, येणे-जाणे हे सारे मोफत आहे. औषध बाहेरून आणा म्हटले तर ही गोष्ट शांतपणे, लेखी मांडायची. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या बाईने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली तर नैसर्गिक बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. हा पैसा बांधकामांवरील उपकरातून येतो. म्हणजे उद्योगावर उपकर बसवून कामगाराचे बाळंतपण निभावता येते, हे सिद्ध झालेले आहे. मग घरकामगार, ऊसतोड, सफाई कामगार स्त्रियांसाठी असाच निधी आणि सरकारचा त्यात मोठा वाटा, ही मागणी अवास्तव कशी?

मोफत तपासणी, गाडी आणि रक्त आपण मिळवून देऊ शकतो. पण सहा महिन्यांची भरपगारी विश्रांती कोणतेही विहार, कोणतेही मंडळ देऊ शकत नाही. ती राज्यानेच द्यावी लागते, आणि ती मागण्याचा आधार २८ जुलै १९२८ च्या भाषणात आणि ४२ व्या अनुच्छेदात आहे. येत्या जयंतीला निवेदन द्यायचे असेल तर पुतळ्याच्या उंचीसोबत ही मागणीही लिहा. प्रत्येक गरोदर कष्टकरी स्त्रीला, ती कुठेही काम करत असो, किमान वेतनाइतका प्रसूती भत्ता, पूर्ण सव्वीस आठवडे, आणि त्याचा मुख्य भार राज्यावर.

बाबासाहेबांनी रजा दिली का, असे कोणी विचारले तर सांगा: त्यांनी हिशोब मांडून दिला आहे. सरकारकडची बाकी अजून येणे आहे.

जय भीम!